खारूची प्रवेश परीक्षा

खारूच्या शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा सर दहावीच्या मुलांना त्रिकोण समजावून देत होते. सर म्हणजे खारूचे बाबा. गेली एकोणीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत ते गणिताचा क्लास चालवत होते, त्यामुळे दूधवाल्यापासून सख्ख्या मेहुणीपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे. आपल्या क्लासमधून कुणी नापास होऊन जात नाही याचा त्यांना भारी अभिमान. आणि इथे घरचीच पोरगी!

वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं की मुलगी हुशार आहे, बोलते तर इतकी की वर्गाला ऐकून घ्यावं लागतं. पण सहा वर्षांची झाली तरी पेन्सिल मुठीत धरते, कात्री चालवता येत नाही, बटणं लागत नाहीत, बूट घालता येत नाहीत. कृपया ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवावं.

"दुकानात एक बाई यायच्या ना, त्यांच्या मुलाला नेत होत्या अशा ठिकाणी," खारूची आई म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. "खेळता खेळता हातांना वळण लावतात. पोरं आपली आपली कामं करायला लागतात."

"मग विचार त्यांनाच."

"त्या गाव सोडून गेल्या."

झालं, शोधाशोध सुरू झाली. फोनवर जवळपासची म्हणून तीन नावं निघाली. पहिला निघाला खुर्च्या विकणारा. सरांची पाठ दुखते का, कुठे दुखते, बसल्यावर दुखते की उठल्यावर, हे त्यानं वीस मिनिटं विचारलं, आणि पाठ दुखतच नाही म्हटल्यावर फार नाराज झाला. दुसरे गृहस्थ खरे थेरपिस्ट होते, पण तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. कुणीतरी आठवण काढली म्हणून त्यांना असं भरून आलं की सरांना फोन ठेवणं जिवावर आलं. तिसऱ्या बाई मात्र अगदी जवळ, चालत दहा मिनिटांवर, सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

"यादीत नाव घालून ठेवते," तिथली मदतनीस म्हणाली. "सहा-सात महिने धरून चाला."

सहा-सात महिने! तोवर पोरगी दुसरीत जायची. त्या दिवशी दुपारी खारू खिडकीशी बसून म्हणाली होती, "आई, मी आता चित्रकलेच्या तासाला शू आली म्हणून सांगते. मग बाहेर जाता येतं." आईनं ते रात्री जेवताना सरांना सांगितलं. काहीही करून ही बाई मिळायला हवी होती.

अशा वेळी कामाला येते ती मावशी. खारूच्या मावशीच्या ओळखी कुठून कुठे निघतील याचा नेम नसतो. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, काम झालं! एका मुलाच्या वडिलांची बदली झाली, त्यामुळे एक जागा रिकामी होतेय. तीन आठवड्यांनी शनिवारी साडेदहाला बोलावलंय. पण आधी खारूला बघणार, दोन-चार गोष्टी करून घेणार, आणि मग ठरवणार घ्यायचं की नाही."

"एकच जागा?"

"एकच."

"आणि आधी चाचणी?"

"हो, तसंच म्हणा ना."

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? पोरीला आहे तशी घेऊन गेलो असतो. पण एकोणीस वर्षं पोरांना परीक्षांना बसवणाऱ्या माणसाच्या कानावर 'जागा एक, आधी चाचणी' एवढं पडलं की पुढचं त्याचं डोकं चालत नाही, नुसते हात चालतात. सरांनी कपाटातून कोरा कागद काढला, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं: वेळापत्रक.

"अहो, नुसतं बघणार आहेत तिला," आई म्हणाली.

"बघणार म्हणजे परीक्षाच. आणि तिथे गेल्यावर सगळ्यांदेखत पोरीला काहीच आलं नाही, तर? चालेल तुला?"

ते काही आईलाही चाललं नसतं. शिवाय दुकानात औषधांची वार्षिक मोजदाद चालू होती, ती घरी यायची तीच दमून. तिनं विषय सोडून दिला. खरं तर तिनं तिथेच हात धरायला हवा होता, पण असो.

दोन दिवसांनी मावशी स्वतःच आली आणि आल्या आल्या दार लावून घेतलं. तिच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा याच बाईंकडे जात होता. पहिल्या दिवशी काय काय करून घेतात, ते तिनं सगळं लिहून आणलं होतं. लाकडी मणी ओवणं. कागदाचा गोल कापणं. पाटीवर ताणलेल्या कापडाची पाच बटणं लावणं. एका पायावर दहा अंक उभं राहणं.

सरांनी कागदाला हातच लावला नाही. "हा फुटलेला पेपर आहे," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांत असल्या कागदाकडे मी ढुंकून पाहिलं नाही. एकानं आणून दिला होता, त्याच्यासमोर फाडला."

"मग हाही फाडा," मावशी म्हणाली.

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "हा तसा पेपर म्हणता येणार नाही म्हणा," ते हळूच म्हणाले. "अभ्यासक्रम म्हणता येईल."

आणि खारू रोज संध्याकाळी अभ्यासाला बसू लागली. मणी लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. सरांनी आपला एक जुना शर्ट लाकडी पाटीवर ताणून खिळवला आणि बटणं सहज सरकावीत म्हणून काजं ब्लेडनं जराशी मोठी केली. दहावीची मुलं क्लासला यायची, तर खारू फळ्यासमोर एका पायावर उभी आणि सर घड्याळ बघत अंक मोजतायत. पोरगी मोठी तल्लख. कुठे बोट ठेवायचं, कुठे कागद फिरवायचा, सगळं तिनं पाढ्यासारखं पाठ केलं.

आता एवढा अभ्यास म्हटल्यावर बाकीच्या गोष्टींत वेळ घालवून कसं चालेल? म्हणून सकाळी तिच्या शर्टाची बटणं सर लावायचे, बूट सर चढवायचे, दप्तर सर भरायचे. पोळीचे तुकडेसुद्धा सरच करून द्यायचे.

"मी करू?" एकदा खारूनं विचारलं.

"नको, उशीर होतोय. संध्याकाळी बटणं लावायचीच आहेत आपल्याला."

शनिवारी साडेदहाला पंधरा मिनिटं कमी असताना तिघं सायकलच्या दुकानाचा जिना चढली. सरांच्या खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली होत्या. थेरपिस्टबाई जमिनीवरच मांडी घालून बसल्या होत्या. खारूचे बूट दाराशी काढून घेतले, ते अर्थात सरांनी. आईबाबा भिंतीजवळच्या बाकावर बसले.

मण्यांची वाटी पुढे आली आणि खारूनं लाल, पिवळा, निळा असा सपाटा लावला. गोल कापला तो असा की कडेला एक दाता नाही. पाटीवरची बटणं खटाखट लागली, जराशी अडली, पण लागली. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर ती दहावर थांबेना, अकरा, बारा, तेरा. सरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. बाई वहीत लिहीत होत्या.

"छानच," शेवटी त्या म्हणाल्या. "अहो, हिला माझी काहीच गरज दिसत नाही. शाळेला मी तसं कळवते. ही जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देऊन टाकू."

सरांची छाती फुगली. "म्हणजे सगळं बरोबर आलं?"

बायकोचं कोपर बरगडीत बसलं तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडचं पाणीच पळालं. ज्या परीक्षेत नापास व्हायला आलो, तीत पोरगी पहिली आली होती, आणि तिला पहिली आणणारा गाढव बाकावर बसला होता.

"नाही, नाही बाई!" सर ताडकन उठले. "देऊ नका जागा! तिला काही येत नाही!"

"आत्ता तर केलं सगळं."

"ते नुसतं पाठांतर! मी करून घेतलंय! खरं तिला काहीच—"

"बाबा," खारू म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "आलं ना मला सगळं? आलं ना?"

आजवर शेकडो पोरांना सरांनी 'तुला येईल' म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांदेखत पोरीला काही आलं नाही असं होऊ नये म्हणून एवढा घाट घातला, आणि तिला काही येत नाही हे सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं कुणी? तर त्यांनीच.

"आलं तुला," ते कसंबसं म्हणाले. "चुकलं ते माझं."

बाईंनी वही मिटली. "ठीक आहे. खारू, बूट घाल बरं, निघायचं ना?"

खारू दाराशी गेली, खाली बसली आणि दोन्ही पाय समोर पसरले. आणि सर, डोळे भरलेले, बाईंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत, तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. डावा बूट चढवला, बंद ओढले, गाठ मारली. उजवा हातात घेतला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे रोज कोण करतं?"

सर बूट हातात धरून तसेच राहिले.

"मी," ते म्हणाले.

"बटणं?"

"मीच."

"जेवताना तुकडे?"

सरांनी नुसती मान हलवली. बाई हसल्या, पण खवचट नाही. "मला वाटलंच होतं काहीतरी. गोल कापून झाल्यावर तिनं माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पाहिलं. जागा दिली हो तिला. दर शनिवारी साडेदहा. मात्र आत ती एकटी येईल, तुम्ही खाली सायकलवाल्यापाशी बसायचं. आणि घरी तिच्या कामाला तुमचे हात लागता कामा नयेत."

"अजिबात?"

"अजिबात. सोडा तो बूट."

सरांनी तो सोडला. बाईंनी डावाही काढायला लावला. मग खारू दोन्ही बुटांशी झोंबू लागली. जीभ बाहेर आली, टाच अडली, एक बूट घरंगळत जिन्यापर्यंत गेला. पुढचं मूल येऊन बसलं तरी तिचं चाललंच होतं. अकरा मिनिटांनी बूट पायात गेले. डावा उजव्यात, उजवा डाव्यात, बंद लोंबकळत.

सरांनी तोंड उघडलं. बायकोनं पाहिलं. सरांनी तोंड मिटलं.

रस्त्यावर आल्यावर खारू बदकासारखी दहा पावलं चालली आणि थांबली. "बाबा, बूट एकमेकांवर रुसलेत," ती म्हणाली, आणि तिथेच फूटपाथवर फतकल मारून बूट काढू लागली.

बाराची बॅच घरी येऊन थांबली असणार होती. आईनं घड्याळाकडे पाहिलं, मग सरांकडे. सर खारूच्या शेजारी फूटपाथवर बसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले.

"तू हातांवर का बसलायस?" खारूनं बुटात बोटं घालत विचारलं.

"त्यांचा आज शाळेचा पहिला दिवस आहे," सर म्हणाले. "फार रडतायत."