नीराकाठचं स्थळ

संभाजीरावांनी ठरवलं होतं, घर आणि घरामागची दीड एकर जमीन अशी विकायची की सामानाचा टेम्पो दारात येईपर्यंत कुणाला वाससुद्धा लागता कामा नये. भावकीला नाही, गावाला नाही आणि घरातल्या कौसल्याबाईंना तर मुळीच नाही! अख्खी हयात साखर कारखान्याच्या शेती खात्यात गेलेला माणूस तो. कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा रानात वाळणार, ही गुपितं ज्यानं वर्षानुवर्षं पोटात ठेवली, त्याला बायकोपासून एक घर लपवणं काय अवघड! असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. स्वतःबद्दल त्यांची अशी बरीच चांगली मतं होती.

तसं घरात खोट काही नव्हती. कोऱ्हाळे बुद्रुकच्या पलीकडं, नीरेच्या काठावर जेमतेम वीस उंबऱ्यांची वाडी. त्यात हे शेवटचं घर, सगळ्यांच्या आधी वाटण्या झालेलं, एकट्या संभाजीरावांच्या नावावरचं. दुखणं एकच होतं. घर नदीच्या वाटेवर होतं आणि सगळ्या भावकीच्या पाणी उपसायच्या मोटारी नदीवर होत्या. लाइट नसली की माणसं लाइटची वाट बघत संभाजीरावांच्या ओट्यावर बसत. लाइट आली की आली म्हणून चहा घेऊन जात. पान्हे, पाइप, स्टार्टरच्या किल्ल्या, सगळं यांच्याच पडवीत. शेजारचा चुलतभाऊ सोपान तर घरी फक्त झोपायला जायचा, तोही इथली जेवणाची पानं उठल्यावर!

म्हणून संभाजीरावांनी बारामतीतल्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी गुपचूप नाव नोंदवलं होतं. लिफ्ट होती, बाल्कनी होती, पण त्यांचा जीव जडला होता दाराच्या भोकावर. भोकाला डोळा लावायचा, बाहेर सोपान दिसला की गुमान मागं फिरून पेपर वाचत बसायचं! म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

गिऱ्हाईक आणायचं काम दादासोकडं होतं. दादासो बारामतीचा जमिनीचा एजंट. गळ्यात चेन, खिशात दोन मोबाइल आणि नदीकाठच्या कुठल्याही खडकाला 'रिव्हर टच' म्हणायची सवय.

"हे बघ," संभाजीरावांनी त्याला बजावलं होतं, "फोनवर जमीन, प्लॉट, विक्री, गिऱ्हाईक, असला एक शब्द काढायचा न्हाय. आमच्या घरात फोन कोनबी उचलतंय."

"मग म्हणू काय, तात्या?"

"सरकारी माणसं कशी बोलत्यात? स्थळपाहणी! तसं कायतरी म्हण."

दादासोनं मान डोलावली. शब्द त्याला आवडला. फक्त जरा लांब वाटला, म्हणून त्यानं तो वापरताना अर्धाच वापरला.

गुरुवारी संभाजीराव अंघोळीला गेले होते आणि फोन चुलीपाशी वाजला.

"काकी, तात्यांना निरोप द्या. रविवारी पुण्याची पार्टी स्थळ बघायला येतीय. नवरा-बायको अन् त्यांचा पोरगा. लई मोठी माणसं! पोरगा परदेशी कंपनीत हाय. पसंत पडलं तर जागेवर टोकन देनार म्हणत्यात!"

कौसल्याबाईंची तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. त्यांनी न्हाणीघराच्या दारावर थापा मारल्या.

"अवो, ऐकलं का! आपल्या छकुलीला पुण्याचं स्थळ आलंय!"

आत तांब्या पडल्याचा आवाज झाला.

"आन् टोकन म्हंजे काय वो? पुण्यात साखरपुड्याला टोकन म्हणत्यात का?"

संभाजीरावांना आधी घाम फुटला. मग अंगावर उरलेलं पाणी ओतून घेताना त्यांना आतल्या आत हसू फुटलं. वा! बायको आपणहून फसली! आता माणसं उघड उघड येतील, घर निवांत बघतील, टोकनाचं बाहेर बोलून घेऊ. संध्याकाळी तोंड पाडून सांगायचं, "न्हाय जमलं बुवा, पत्रिका जुळंना." टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटू लागला होता की त्यांनी आरशात स्वतःकडं बघून मिशीसुद्धा पिळली.

छकुलीला विचारलं गेलं नाही, सांगितलं गेलं. ती सोमेश्वरनगरला एका प्रयोगशाळेत माती तपासायची आणि आजवर आलेली स्थळंही तिनं मातीच्या नमुन्यांसारखी तपासून, शेरा मारून परत धाडली होती.

"बघू," ती म्हणाली. "पण साडी नेसून मुरडायचं काम मला सांगू नका."

शुक्रवारी कौसल्याबाईंनी घराला रंग दिला. शनिवारी पडवीतले पाइप उचलले गेले, अंगण सारवलं गेलं. संभाजीराव खुशीत होते. ज्या घराला गिऱ्हाइकासाठी सजवायचं राहून गेलं होतं, ते बायकोनं फुकटात नवंकोरं करून दिलं! पण त्याच शनिवारी त्यांना कळलं की कौसल्याबाईंनी जावेला, म्हणजे सोपानच्या बायकोला, कानात सांगितलं होतं. जावेच्या कानात सांगितलेलं वाडीत चहा उकळायच्या आत फिरतं.

"अगं, चहा-पोह्यावर भागवायचं हुतं! पुण्याची माणसं एवढी भावकी बघून बिचकतील!"

"बिचकू द्या की! पोरीच्या मागं किती माणसं हायत ते कळू दे त्यांना!"

रविवारी सकाळपासून ओट्यावर फेटेच फेटे! आत पुरणाचा घमघमाट, कटाची आमटी, एवढ्या बायका की पोळी कोण लाटतंय आणि कोण खातंय याचा पत्ता लागेना. अकराच्या सुमारास पांढरी गाडी आली. उतरले निवृत्त बँक अधिकारी रमाकांत, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, मुलगा पुष्कर आणि फ्रॉकमधली एक चिमुरडी, ओवी. दादासोचा पत्ता नव्हता. तो उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकला होता.

रमाकांतांनी ओट्यावरची ती फौज बघितली आणि बायकोला हळूच म्हणाले, "सगळे मालक आहेत की काय?"

त्यांना हाताला धरून बैठकीत बसवलं. ओवी बायकांच्या घोळक्याबरोबर नदीकडं पळाली. "भाची असंल," जावेनं निकाल दिला.

सोपाननं खाकरून सूत्रं हातात घेतली. "मग पाव्हणं, फोटो बघितला असंलच?"

"हो, दादासोंनी पाठवला होता," रमाकांत म्हणाले. "वय किती?"

"सत्तावीस," कौसल्याबाई दारातून म्हणाल्या.

"फक्त? मला वाटलं होतं, चाळीस तरी असेल!"

कौसल्याबाईंचा चेहरा पडला. संभाजीराव घाईनं म्हणाले, "पोळी घ्या, पोळी! गरम हाय!"

इंदिराबाईंनी विचारलं, "आणि पावसाळ्यात काही त्रास? ओल वगैरे?"

"पावसाळ्यात जरा सर्दी हुती," कौसल्याबाई म्हणाल्या, "पन वाफ घेतली की मोकळं वाटतं तिला."

इंदिराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पोळीकडं बघितलं.

"माझी एकच अट आहे," पुष्कर म्हणाला. "मला शांतता हवी. आवाज अजिबात नको."

"आवाज?" सोपान छातीवर हात ठेवून म्हणाला, "अवो, दिवसभर तोंड उघडत न्हाय!" आतून छकुली कुणावर तरी एवढ्यानं ओरडली की पडवीतली कोंबडी उडाली. सोपान म्हणाला, "ती दुसरी."

"आधी कुणी बघून गेलंय का?" रमाकांतांनी विचारलं.

"बक्कळ! पन आमीच न्हाय म्हणलो."

"कुणाचा हक्क वगैरे? मागून कुणी उभं राहायला नको हो."

एवढं ऐकल्यावर दोन फेटे जागचे उठले. "आमच्या पोरीवर हक्क सांगनारा अजून जन्मायचाय!"

'पोरीवर' हा शब्द रमाकांतांच्या कानापर्यंत पोचू नये म्हणून संभाजीराव इतक्या जोरात खोकले की चार माणसं पाणी घेऊन धावली. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. पोळ्या संपत आल्यात, माणसांचं बसल्या जागी घरही बघून झालंय, आणखी दहा मिनिटं निघाली की जिंकलो.

तेवढ्यात चिखलानं भरलेले पाय घेऊन ओवी धावत आत आली आणि थेट पुष्करच्या गळ्यात पडली.

"बाबा, बाबा! तिकडे म्हैस पाण्यात बसलीय!"



"बाबा कुनाला म्हनली ही?" सोपाननं विचारलं.

"मला. माझी मुलगी," पुष्कर कौतुकानं म्हणाला.

"तुमचं लगीन झालंय?"

"हो, झाली की सहा-सात वर्षं."

"आन् बायको?"

"ती घरीच आहे. खरं तर ही तिचीच कल्पना! म्हणाली, तुम्ही बघून या, आवडलं तर टोकन देऊन टाका. आपल्याला काय, शनिवार-रविवारपुरतंच तर हवंय!"

मग जे झालं त्याला दंगल म्हणणं बरोबर नाही, कारण दंगलीत दोन्ही बाजू मारतात. फेटे खाली आले, बाह्या वर गेल्या. सोपाननं पुष्करची कॉलर धरली. इंदिराबाई किंचाळल्या. ओवीला हा खेळ वाटून ती टाळ्या पिटू लागली. संभाजीरावांपुढं आता दोनच वाटा होत्या, गुपित वाचवायचं की पाहुणा. त्यांनी क्षणभर, खोटं कशाला सांगा, गुपिताचाच विचार केला. पण सोपानचा दुसरा हात वर गेला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"सोड त्याला! पोरगी न्हाय, घर बघायला आल्यात ती! घर! मी विकायला काढलंय!"



"म्हणजे सत्तावीस हे घराचं वय नव्हतं?" इंदिराबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

 तुपाचं भांडं खाली ठेवून कौसल्याबाई आत निघून गेल्या.  ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं संभाजीरावांना फार वाटलं.

इकडं सोपाननं पुष्करची कॉलर सोडली. हातानं सारखी केली. वरून दोनदा थोपटलीसुद्धा.

"माफ करा पाव्हणं. जागाच पायजे व्हय? मग आधी न्हाय का सांगायचं! तात्याचं घर सखल हाय वो. माझं बघा! उंचावर, आन् नदीला एकदम चिकटून!"

"सोपान! तूबी?" संभाजीराव ओरडले.

"सोपानच्या रानात नुसता खडक हाय," मागून दूरचे चुलते रामआबा काठी टेकत पुढं आले. "माझ्याकडं या. काळी कसदार. आंब्याची झाडं मोफत."

"आबा, तुमचा रस्ता कुनाच्या बांधावरनं जातो ते सांगा की त्यांना!" तिसरा म्हणाला. "त्यापरीस माझं..."

घटकेपूर्वी एका पोरीच्या अब्रूसाठी एकजुटीनं उठलेली भावकी आता एकमेकांच्या रानातले दगड मोजून दाखवत होती. वाडीत विकायला न काढलेलं असं एक देऊळ तेवढं उरलं होतं. नेमका त्याच वेळी दादासो आला आणि सगळ्यांनी मिळून त्याला घेरलं.

"मला म्हनलास, कुनालाच म्हाईत न्हाय!"

"मलाबी तेच म्हनला!"

"मग खोटं काय?" दादासो चिडून म्हणाला. "तुमी समद्यांनीच बजावलं हुतं, भावकीला कळू देऊ नको. मी समद्यांचा शब्द पाळला!"

रमाकांतांनी जन्मभर कर्जाचे अर्ज नाकारले होते. त्यांनी शांतपणे हात धुतले, पुष्करला उठवलं आणि म्हणाले, "अख्खी वाडी विकायला निघालीय म्हणजे इथे नक्की काहीतरी भानगड आहे." गाडी गेली. टोकनही गेलं. एवढं होऊनही जावेनं इंदिराबाईंच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा कोंबलाच.

संभाजीराव आत गेले. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी छकुली हसून हसून डोळे पुसत होती.

"मला सांगायचं न्हाय? बायको हाय का कोन हाय मी?" कौसल्याबाई म्हणाल्या. "जन्म काढला हितं. हे घर सोडून मला न्यायचं कुठं ठरवलं हुतं?"

"चुकलं माझं," संभाजीराव म्हणाले आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "बारामतीला. कॅनॉलच्या रस्त्यावर ती नवी गुलाबी इमारत हाय बघ, तितं नाव नोंदवलंय."

"गुलाबी?" पाठोपाठ आत शिरलेली जाऊ किंचाळली. "अवो, ऐकलं का! ह्यांचंबी गुलाबीतच हाय!"

दारात सोपान उगवला. मागं रामआबा. त्यांच्याही मागं दादासो, ज्यानं इमारतीतले फ्लॅटही विकायला घेतले होते आणि इथंही सगळ्यांचा शब्द पाळला होता.

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. चेहरा उजळला. "जाऊबाई, तुमी तितं असनार? मग मी एका पायावर तयार हाय! मला वाटलं, परक्या मानसांत नेऊन टाकत्यात का काय!"

"घर इकलं जाईल का पन?" रामआबांनी विचारलं.

"का न्हाय? पुन्याला मानसं काय एवढीच हायत व्हय?" दादासो म्हणाला.

संभाजीराव खाली बसले. सोपान प्रेमानं त्यांच्याजवळ टेकला.

"तात्या, कितवा मजला तुमचा?"

"तिसरा," संभाजीराव कसंबसं म्हणाले. "डाव्या हाताचा."

"आन् माझा उजव्या हाताचा! दाराला दार!" सोपाननं त्यांच्या मांडीवर थाप मारली. "बरं झालं बघा. आता चहाला यायचं तर चप्पलबी घालायला नको!"