आडवी बदकं

शेजारच्या भिंगरीचं गणित आपण सुधारायचं, असं मी ठरवलं. (मला कुणी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारण्याची वाट बघत बसले असते, तर या इमारतीत मला काहीच कळलं नसतं.)

भिंगरी तिसरीत. शाळेतून चिठ्ठी आली होती : गणितात फार चुका, सोमवारपासून कच्च्या मुलांच्या वर्गात बसवू. तिची आई चिठ्ठी धरून रडत होती, ते मला उघड्या दारातून दिसलं. (दार मी ढकलल्यावर उघडं झालं.)

"वहिनी, रडू नका. रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठवा."

मी शिवणकाम करते. डबाभर बटणं ओतून मी तिला बेरजा शिकवल्या. पोरगी जांभया द्यायची, दोन उत्तरं बरोबर सांगायची आणि तिसरं चुकायची. मी पुन्हा बटणं मोजायची. आपण फार छान शिकवतो, असं मला वाटू लागलं.

शनिवारी मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचे पडदे बेतत होते. पाच हवे होते आणि कापडात तीनच बसत होते. कापड पुरेल, असं छातीठोकपणे मीच सांगितलेलं!

भिंगरीनं मान वाकडी करून पाहिलं. "काकू, आडवे ठेवा की. पाच होतील. वर वीतभर पट्टी उरेल."

मी मापून पाहिलं. पाच! आनंदाच्या भरात सपासप कात्री चालवली.

"पण काकू," ती म्हणाली, "मग बदकं झोपतील."

कापडावर बदकांची नक्षी होती. पाचही पडद्यांवर ती आता कुशीवर पडली होती.

"आधी सांगायचंस ना गं!"

"सांगतच होते. तुम्ही फार घाई करता."

मी कात्री खाली ठेवली. बदकांमुळे नव्हे, दुसऱ्याच गोष्टीमुळे. "तुला हे नुसतं बघून येतं, मग बेरजा कशा चुकतात?"

ती बटणांशी खेळत राहिली. "बरोबर आल्या की बाई आणखी वीस देतात. तशाच. चुकल्या की जवळ बसवून समजावतात. म्हणून मी तिसरी चुकवते."

जिला येतं तिच्याजवळ कोण बसणार, हा विचार मीही कधी केला नव्हता.

सोमवारी सकाळी वहिनींना घेऊन मी शाळेत गेले. बाईंच्या टेबलावर पडदा पसरला, सगळं सांगितलं. आता भांडण होणार, म्हणून मी पदरही खोचला होता. पण बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"पंचेचाळीस मुलं आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "हिचं पटकन होतं म्हणजे हिची काळजी नाही, असंच धरून चालले मी." त्यांनी कच्च्या मुलांच्या यादीतून तिचं नाव खोडलं आणि कपाटातून वरच्या इयत्तेचं कोड्यांचं पुस्तक काढलं. "यातलं एकच सोडव. आठवडा लागला तरी चालेल. अडलीस की माझ्याजवळ बसायचं."

भिंगरी पुस्तकात अशी शिरली, की वहिनींनी दोनदा हाक मारली तरी ओ दिली नाही. वहिनी पुन्हा रडल्या, पण या वेळी मी रडू दिलं.

आम्ही निघालो, तेव्हा तिनं मान वर केली.

"बाई, त्या वर्गात माझी जागा रिकामी झाली ना? मग काकूंना बसवा. त्यांना अजून सातचा पाढा येत नाही."