सबनिसांचा लाल दिवा

प्रभाकर सबनिसांनी गाडीचं ऑइल आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी बदललं, इंजिन चालू केलं आणि समोर कधी न पाहिलेला एक लाल दिवा लागला. त्यात उद्गारचिन्ह होतं. सबनिसांचा पराक्रम पाहून जणू गाडीच थक्क झाली होती.

"अहो, दिवा जाऊ द्या, आंघोळ करा!" बाल्कनीतून वासंती ओरडली. "साडेबाराला बाळकुमला जेवायला पोचायचंय."

"दिवा जाऊ द्यायचा नसतो, वासंती. त्याचं कारण शोधायचं असतं."

सबनीस मंत्रालयात कक्ष अधिकारी. सेकंडहँड गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक त्यांनी शासन निर्णयासारखं रेघा मारून वाचलं होतं. त्याची शेवटची आठ पानं गहाळ होती, पण शासन निर्णयांचीही असतात. वासंतीचा भाऊ गुरुदत्त गेल्या महिन्यात भर पंगतीत म्हणाला होता, "भाऊजी, हे आपलं काम नव्हे. मेकॅनिकला द्या." त्यावर सबनिसांनी ताटावरच जाहीर केलं, की पुढच्या वेळी ते स्वतः सर्व्हिसिंग केलेल्या गाडीतूनच जेवायला येतील. ती वेळ आज होती. रिक्षाने गेलं असतं तर गुरुदत्त काही बोलला नसता. नुसता हसला असता. तेच नको होतं.

"ऑइल जास्त झालं असणार," पहिल्या मजल्यावरचे जगन कुळकर्णी दात घासत म्हणाले. सबनिसांनी ऑइल थोडं काढलं. दिवा तसाच.

"मग कमी झालं असेल," कुळकर्णी चूळ भरून म्हणाले. सबनिसांनी ओतलं. मग प्लग काढून पुसले, बॅटरीच्या तारा घासल्या, सगळं जिथल्या तिथे बसवलं. दिवा ढिम्म.

शेवटी त्यांनी सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली. गाडी रेड्यासारखी अडून अडून चालली आणि मागून जळका वास आला.

"इंजिन गेलं वाटतं," कुळकर्णी हळहळले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

तेवढ्यात फाटकातून म्हावऱ्याची पाटी घेऊन आवडाबाई आली. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्या मुलाची इंजिनाची होडी होती. ती थांबली, गाडीचं कण्हणं ऐकलं, खिडकीतून आत डोकावली.

"काय वं सायेब, नांगर टाकूनशी होरी हाकताव?"

"कसला नांगर?"

"त्यो काय! मधला दांडा वर हाय. माझा गुणाजी नवा होता तवा असाच करायचा. तवा तो बारा वर्सांचा होता."

सबनिसांनी खाली पाहिलं. हँडब्रेक! एरवी ते चाकाखाली वीट लावत, अख्खी डोंबिवली लावते तशी. आज मात्र पुस्तकातल्या पहिल्याच सूचनेनुसार त्यांनी हँडब्रेक ओढला होता. तो सोडायची सूचना बहुधा गहाळ आठ पानांत होती. त्यांनी दांडा खाली केला. दिवा विझला.

"तेच तपासत होतो," सबनीस म्हणाले.

"व्हय तर!" आवडाबाई म्हणाली आणि वासंतीकडे बघून पदर तोंडाला लावून हसली.

बाळकुमला गाडी लोण्यासारखी गेली. गुरुदत्तने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि नाइलाजाने विचारलं, "खरंच सगळं स्वतः केलंत, भाऊजी?"

सबनिसांनी घसा खाकरला, पण वासंतीच आधी बोलली. "सगळं! शेवटी तर असा एक दोष निघाला, की शेजाऱ्यांनीसुद्धा हात टेकले. यांनी तो बसल्या जागी, एका हाताने काढला."

यातला शब्दन् शब्द खरा होता. सबनिसांची छाती दोन इंच फुगली.

"सरोज!" गुरुदत्तने आत बायकोला हाक मारली. "आपल्या गाडीची किल्ली आण गं. आपला मेकॅनिक आठवडाभर नुसतं डोकं खाजवतोय. भाऊजी बघतील."

"बघितलंच असतं रे," सबनीस घाईने म्हणाले, "पण हत्यारं डोंबिवलीला राहिली."

"छे हो," वासंती गोड हसून म्हणाली, "मी आठवणीने डिकीत ठेवलीत."