बोलती पेठ उठली, तात्यासाहेब बचावले

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या तारेतून एका माणसाचा शब्द दुसऱ्यास पोहोचतो त्या तारेसही वंदन करून हकिकत लिहितो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते साली राज्यात दोन पेठा नांदत होत्या. एक टीव्हीवरली पेठ. तीत पडद्यावर माणसे उभी राहून कढया, तवे, साड्या, गुडघ्याचे पट्टे उंच स्वराने वाखाणीत, आणि खाली फोनचा नंबर झळके, आणि घेणाराने तो फिरविला की पलीकडे जिते माणूस बोले, म्हणोन लोक तीस बोलती पेठ म्हणत. दुसरी ऑनलाइन पेठ. ती खिशातल्या फोनात वसली होती, तीत बोटाने खूण केली की माल दारी हजर, आणि नावडला तर परत, आणि कोणी घरबसल्या जुनी सायकल विकी, कोणी सांडगे-पापड विकी, परंतु बोलण्याचा प्रसंग कोणाशी पडत नसे. तेथे मोल हलके आणि निवड फार, म्हणोन रयत तिकडे वळली, आणि बोलती पेठ ओस पडत चालली, आणि मग धन्याचा हुकूम आला जे, महिनाअखेर पेठ उठवावी.

त्या पेठेच्या फोनकचेरीत चारुशीलाबाई मोहिते म्हणोन एक बाई मागणी लिहून घेण्याच्या कामावर होती. पदरी कॉलेजात शिकणारी लेक, दुसरा आधार नाही, म्हणोन हुकूम ऐकोन ती चिंतेत पडली, परंतु फोन वाजला की तिचा स्वर पूर्ववतच गोड असे. तिचे जुने गिऱ्हाईक तात्यासाहेब खांबेटे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले, पत्नी निवर्तलेली, पुत्र श्रीरंग विलायतेत चाकरीस. पुत्राने नवा फोन धाडिला आणि ऑनलाइन पेठेची रीत शिकविली, आणि तात्यासाहेब ती चांगली शिकले, औषधे, बिस्किटे, मोजे सर्व तेथूनच मागवीत. तरी दुपारचे जेवण जाहले की ते टीव्हीपाशी बसोन जुन्या तारेच्या फोनाने बोलत्या पेठेस फोन करीत, वेळ ठरलेली म्हणोन तो फोन चारुशीलाबाईच उचले आणि पुसे, "तात्या, जेवलात काय?" आणि ते म्हणत, "जेवलो. आमटीत मीठ अंमळ जास्त पडले." इतके जाहल्यावर उगाच काही एक जिन्नस मागवीत. कचेरीचे मुख्य पोंक्षेसाहेब शिस्तीचे पुरुष, त्यांचा नियम असा की, मागणी लिहिली की फोन ठेवावा. त्यांणी बाईस दोन वेळा समज दिली होती.

ऐसे असता एके दुपारी फोन वाजला. बाईने उचलून नेहमीचे स्वागत म्हटले. पलीकडून क्षीण स्वर आला, "चारूबाई, आज घेणे काही नाही. मी पडलो आहे."

बाई म्हणाली, "तात्या, कोठे पडलात?"

"स्वयंपाकघरात. दूध तापत ठेविले होते, पाय घसरला. पाय हलत नाही. सरपटत टीव्हीपर्यंत आलो आणि फोन खाली ओढला."

"श्रीरंगरावांस कळविले काय?"

"त्याचा नंबर नव्या फोनात. तो फोन माडीवर राहिला. मला पाठ म्हणाल तर तुमच्या पेठेचा एकच नंबर पाठ, रोज पडद्यावर दिसतो तो."

मग तात्यासाहेब थांबले आणि म्हणाले, "बाई, गॅसचा वास येतो आहे. दूध उतू जाऊन शेगडी विझली असेल."

हे ऐकोनही बाईने स्वर ढळू दिला नाही. तात्यासाहेबांनी पुसिले, "टीव्ही चालू आहे, बंद करू काय?" तेव्हा बाई म्हणाली, "नको. कोणत्याही बटणास हात लावू नका. दारापर्यंत सरकवते काय?" ते म्हणाले, "आता सरकवत नाही." मग बाईने हात उंच करून पोंक्षेसाहेबांस बोलाविले. ते नियम सांगावयास आले, परंतु बाईचे तोंड पाहोन जवळ वाकले, आणि बाईने फोनावर हात ठेवून वर्तमान सांगितले, आणि संगणकाच्या पडद्यावर तात्यांचा पत्ता होता तो दाखविला, आणि साहेबांनी तत्काळ दुसरा फोन उचलोन रुग्णवाहिका आणि अग्निशमनवाले यांस खबर दिली. तिकडून उत्तर आले जे, निघतो, परंतु बाजाराचा दिवस, रस्ता भरला आहे, उशीर लागेल.

तेव्हा बाईस इरफान मुल्ला यांचे स्मरण जाहले. इरफानभाई पूर्वी बोलत्या पेठेचा माल घरोघर पोहोचवीत, पेठ खालावली तेव्हा ऑनलाइन पेठेच्या चाकरीस लागले, आणि त्यांचा फेरा तात्यांच्याच आळीत असे. बाईने आपला मोबाइल काढोन त्यांस गाठिले आणि म्हणाली, "इरफानभाई, खांबेटे तात्यांच्या घरी जा, ते पडले आहेत, घरात गॅस सुटला आहे. बेल वाजवू नका, दिवा लावू नका."

इरफानभाई म्हणाले, "दोन गल्ल्या पलीकडेच आहे. तात्यांस बोलते ठेवा." आणि मालाची पोती एका पानवाल्याच्या हवाली करून धावले.

इकडे बाई तात्यांस म्हणाली, "झोपू नका. बोला माझ्याशी."

"काय बोलू? आज पेठेत काय आहे ते तुम्हीच सांगा."

"भाजी चिरण्याचे यंत्र आहे."

"ते आहे माझ्याकडे." तात्यासाहेब जरा वेळ दम घेत राहिले, मग म्हणाले, "चारूबाई, खरे सांगतो, ते मी उघडलेच नाही. बरेचसे उघडले नाही."

"ठाऊक आहे, तात्या. तुम्ही एकच इस्त्री तीनदा मागविली होती. दोनदा मीच लिहिली नाही."

यावर तात्यासाहेब हसले, आणि हसताना खोकला आला, आणि मग काहीच ऐकू येईना. बाई "तात्या, तात्या" म्हणत राहिली. आसपासच्या बायांनी आपले फोन खाली ठेविले. पोंक्षेसाहेब खुर्चीची पाठ धरून उभे. मग तारेतून दूर कोठे दार आपटल्याचा नाद आला, आणि खिडक्या उघडल्याचा, आणि कोणी धापा टाकीत फोन उचलोन बोलिला, "ताई, मी इरफान. मागल्या दाराची कडी ढिली होती, ती तोडली. सिलिंडर बंद केला. तात्या डोळे उघडून आहेत. अंगणात नेतो." हे ऐकताच चारुशीलाबाईने टेबलावर डोके टेकिले आणि रडली, आणि पोंक्षेसाहेबांनी स्वहस्ते पाणी आणोन तिजपुढे ठेविले.

पुढे रुग्णवाहिका आली, तात्यासाहेबांस दवाखान्यात नेले. खुब्याचे हाड मोडले होते, ते शस्त्रक्रिया करून सांधिले. वैद्य म्हणाले की घरात आणखी थोडे राहते तर कठीण होते. श्रीरंगराव विमानाने आले, आणि इरफानभाईंचे हात धरिले, तेव्हा इरफानभाई म्हणाले, "साहेब, कडीचे तेवढे बघा. दार नीट लागत नाही आता." इरफानभाईंनी आपल्या ऑनलाइन पेठेच्या तक्रार-कचेरीत ही हकिकत सांगितली. तेथे लोक यंत्राच्या उत्तरांस त्रासून जिते माणूस मागत होते, म्हणोन माणसे घेणे चालू होते, आणि पोंक्षेसाहेबांनी बाईविषयी दोन चांगले शब्द लिहून धाडिले, आणि बाईस चाकरी लागली. ते वर्तमान लेकीस सांगोन त्या रात्री बाई बहुत दिवसांनी स्वस्थ निजली.

मग रविवारी चारुशीलाबाई दवाखान्यात गेली. इतकी वर्षे बोलणे, परंतु एकमेकांस पाहिले नव्हते. ती दारात उभी राहोन म्हणाली, "तात्या, जेवलात काय?" आणि तात्यासाहेबांनी स्वर ओळखोन मान वळविली, आणि बराच वेळ पाहात राहिले.

"मी तुम्हांस साठीची समजत होतो," ते म्हणाले.

"मी तुम्हांस उंच समजत होते."

"उंचच आहे. निजलो आहे म्हणून कळत नाही." मग खाटेजवळच्या स्टुलाकडे बोट करून म्हणाले, "आज काही विकणे तर नाही ना?"

"नाही."

"मग बसा निवांत."

एणेप्रमाणे महिनाअखेर बोलती पेठ उठली, ऑनलाइन पेठ वाढती राहिली, आणि तात्यासाहेब माघ मासी काठी टेकीत अंगणात चालते जाहले. घडले ते लिहिले. वाचणारांचे घरी सर्व सुखरूप असोत.