गुलाबी ताफ्याचे सेनापती

दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून आडवं पडलेल्या माणसाला काहीही विचारलं, तरी तो एकच उत्तर देऊ शकतो: ‘आ’. बहुतेक डॉक्टर याला अडचण समजतात. मानवतचे डॉक्टर आनंद साळवे मात्र तिचा पुरेपूर फायदा घेतात. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात आरसा, नजर पेशंटच्या दाढेत, आणि विचारतात काय, तर “समजा, शत्रूची तीन यानं समोर हायत. आपल्याकडं दोनच. तुमी असते तर उल्कापट्ट्यातून घुसले असते का न्हाई?”

“आ.”

“बराबर. मला बी तसंच वाटायलंय.”

अडतीवर कापूस घालायला आलेला रामपुरीचा शेतकरी खुर्चीवरून उठतो तेव्हा त्याच्या दाढेचं काम झालेलं असतं. आपण अंतराळातल्या एका चढाईला संमती देऊन बसलोय, याचा त्याला पत्ताही नसतो.

हे सगळं झालं एका परदेशी मालिकेमुळे. डॉक्टर लहान असताना ती दर रविवारी हिंदीत लागायची. त्यांचे वडील राणीसावरगावला मास्तर होते आणि त्यांच्या घरच्या टीव्हीपुढे निम्मी गल्ली येऊन बसायची. मालिकेचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. ते नुसतं कानावर पडलं की डॉक्टर पहिल्या भागापासून गोष्ट सांगायला घेतात, आणि तुम्हाला कामं असतील. थोडक्यात सांगायचं तर माणसांच्या एका ताफ्याला कुठल्याशा हिरव्या ग्रहावर पोचायचंय, आणि वाटेत बर्फाच्या ग्रहावरची मंडळी त्यांना आडवी येतात. मालिका संपली तरी ते पोचले की नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

पुढे परदेशातल्या शौकिनांनी त्या मालिकेवरून टेबलावर खेळायचं युद्ध काढलं. बोटाएवढी यानं, फासे, अंतर मोजायला टेप आणि नियमांचं भलं थोरलं बाड. डॉक्टरांनी नियम इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि यानं दवाखान्यातच ओतली. कवळीची हिरडी ज्या गुलाबी मसाल्याची करतात, त्या मसाल्याचा माणसांचा ताफा झाला. दातांचे साचे ज्या पांढऱ्या प्लास्टरचे घेतात, त्याचा बर्फवाल्यांचा. त्यामुळे टेबलावर लढाई पेटली की एखाद्याच्या तोंडातच मारामारी चालू असल्यासारखी दिसते.

आकाश म्हणजे छत्र्यांचं काळं कापड, त्यावर चुन्याच्या ठिपक्यांचे तारे. उल्का म्हणजे सरकी. दवाखान्याच्या खालीच कापसाच्या अडतीचं दुकान असल्यावर उल्कांना काय तोटा? एकदा उंदरांनी रातोरात अख्खा उल्कापट्टा फस्त केला, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, “एवढा मोठा अडथळा साफ झाला, याचा दोन्ही बाजूंना फायदा हाय.” यानाला तोफगोळा लागला की त्यावर कापसाचा बोळा ठेवायचा. तो धूर. तिसरा बोळा बसला की यान खलास.

यानांना कुणी ‘खेळणी’ म्हटलं की डॉक्टरांचा आवाज एकदम सरकारी होतो. “खेळणी न्हाईत ती. प्रतिकृती हायत.” त्यांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या देणाऱ्या शोभाताई त्यांना ‘गाड्या’ म्हणतात. शोभाताईंना मात्र ते काही बोलत नाहीत, कारण त्या रोज सकाळी ओल्या ब्रशनं दोन्ही ताफ्यांवरची धूळ काढतात.

या प्रतिकृती ठेवायला डॉक्टरांकडे कवळीच्याच डब्या. आता पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. केकरजवळ्याच्या एक आजी नवी कवळी घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी डबी पदरात बांधून परत आल्या.

“जयभीम डॉक्टर. ही कवळी बसंना बघा. लय टोचायलीय. वरून लावली, खालून लावली, उलटी करून बघितली. लेक म्हणली, सवय व्हायला येळ लागतो, म्हणून कालचा दिस तशीच दाबून बसले.”

डॉक्टरांनी डबी उघडली. आत गुलाबी ताफ्याचं बिनीचं लढाऊ यान. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“आजी, ह्याची पुढची तोफ कुठंय?”

“ती व्हय? तीच टोचायली होती. कानशीनं घासली आमच्या ह्यांनी.”

दुसरा कुणी असता तर शरमेनं जमिनीत गेला असता. डॉक्टरांनी आजींची माफी मागितली, चहा पाजला, खरी कवळी स्वतः बसवून दिली, आणि त्या उठताना न राहवून विचारलं, “खरं सांगा आजी, धरायला कसं वाटलं? मजबूत हाय ना?” आजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की मजबुतीला तोड नाही.

मी या सगळ्यात सापडलो तो एका किडक्या दाढेपायी. तालुक्याच्या कृषी कार्यालयात बदलून आलो आणि दवाखान्याच्या शेजारचीच खोली भाड्यानं घेतली. मुलांच्या शाळेसाठी बायको, सुनीता, गंगाखेडलाच राहिलेली. एक दिवस दाढ ठणकायला लागली म्हणून गेलो. तोंडात कापूस, नळी, आरसा, सगळं एकदम. डॉक्टर म्हणाले, “जाधव साहेब, रविवारी मोकळेच असता ना?”

“आ.”

“झकास. तुमी बर्फवाले.”

असा मी शत्रू झालो. मला वाटलं होतं, एका दुपारची कटकट. नियमाप्रमाणे तशी लढाई एका दुपारीच संपते. आमची दिवाळीत सुरू झाली आणि उन्हाळा लागला तरी चालूच होती. कारण ती संपायला आली रे आली की डॉक्टरांना हटकून एखादा नियम आठवायचा.

“थांबा साहेब! सौरवादळ.”

“कसलं सौरवादळ? मागच्या रविवारी पण होतं.”

“सूर्य काय आपल्याला इचारून वादळ काढतो का? हे बघा, कलम हाय. सगळी यानं टेपनं एक हात मागं.”

सौरवादळ झालं की इंधनगळती, इंधनगळती झाली की तहाची बोलणी. तहाची बोलणी म्हणजे शोभाताईंनी करून ठेवलेले पोहे. मी चिडायचो, तणतणायचो, ‘पुढच्या रविवारी येत नाही’ असं ठणकावून सांगायचो आणि पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला हजर व्हायचो. पोहे चांगले असायचे, हे एक. आणि मला जिंकायचं होतं. ऑफिसात ज्या माणसाच्या हातात ठिबकच्या अर्जांवर सह्या करण्यापलीकडे काही नसतं, त्याला एक अख्खा ताफा मिळाला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

एकदा मी टोमणा मारला. टेबलाच्या वर भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे. म्हटलं, “डॉक्टर, त्यांच्यापुढे बसून लढाया करता, काही वाटतं का?”

डॉक्टरांनी तसबिरीकडे बघितलं, मग टेबलाकडे. “म्हणून तर माणसांशी लढत न्हाई मी. दातांच्या मसाल्याशी लढायलोय. आणि खरं सांगू का, त्येंचा चेहरा बघा. त्येंना बी थोडी मजा यायलीय.”

डॉक्टर नियमांत फसवतात, याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांना सरळसरळ रडीचा डाव खेळणारा माणूस समजत होतो. मेमध्ये माझी बदलीची ऑर्डर आली, गंगाखेडला, म्हणजे घरीच. आनंद झाला. आणि लगेच मनात आलं ते असं, की जाण्याआधी हा माणूस हरवायचाच.

ऑर्डरची बातमी सांगायला गेलो तेव्हा डॉक्टर आत एकाची दाढ काढत होते. बाहेर शोभाताई होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

“काय झालं, ताई?”

“काय न्हाई. तुमच्या आधी ब्यांकेचे साहेब यायचे. त्येंच्या आधी गुरांचे डॉक्टर. एक वीज मंडळाचे इंजिनेर होते, ते तर लय हसायचे. मानवतला कोण कायमचं येतंय? समदे बदलीवाले.”

“मग?”

“मग काय. तवा डॉक्टर लढाई पुरी करायचे. एका दुपारी खेळ खतम. जिंकला तर माणूस खूश, हरला तर माणूस खूश, हातात हात, घरला गेला. आन पुन्हा येतंय कोण? एकदा झाला ना खेळ. हे आपले पुढच्या रईवारी टेबल पुसून बसायचे.” त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. “डॉक्टरीणबाई जाऊन आता बरीच वर्सं झाली. पोरगी हैदराबादला नोकरीला. तुमच्यापासनं त्येंनी लढाई संपवायचंच बंद केलं बघा.”

मी खोलीवर आलो आणि आठवायला बसलो. सौरवादळ झालं तेव्हा कुणाची यानं संकटात होती? माझी. इंधनगळती? तीही मी हरायला आलो तेव्हाच झाली होती. निम्म्याहून जास्त वेळा डॉक्टरांनी नियम काढला होता तो मला वाचवायला. आणि मी त्यांना रडे म्हणत होतो! मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मला त्यांचा रागही आला, की हे सांगायचं तर होतं. पण असं कोण कुणाला सांगतं?

शेवटचा रविवार आला. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पोहे आधीच मांडलेले.

“साहेब, आज एक बी नियम काढणार न्हाई,” ते म्हणाले. “तुमी चाललात. अर्धवट लढाई घेऊन माणसानं जाऊ नये.”

आणि खरोखरच त्यांनी काढला नाही. बाड बंदच राहिलं. आम्ही दोघंही कधी नाही इतके शहाण्यासारखे खेळलो. ‘तुमची पाळी’, ‘हं’, ‘नऊ बोटं पुढं’. एरवी एका तोफगोळ्यावर अर्धा तास भांडणारे आम्ही. दुपार होईतो टेबलावर धूरच धूर झाला होता आणि डॉक्टरांचं मुख्य यान माझ्या तीन यानांच्या मध्ये सापडलं होतं. त्यावर दोन बोळे बसलेले. माझ्या हातात फासा. एक सोडून काहीही पडलं तरी मी जिंकत होतो.

डॉक्टरांनी तिसरा बोळा आधीच वळून ठेवला होता. तो चिमटीत धरून ते माझ्याकडे बघत होते, हसतमुखानं, दाढ काढायच्या आधी पेशंटकडे बघतात तसं. “टाका साहेब. फिकीर करू नका.”

मी फासा खाली ठेवला.

“मी माघार घेतो,” मी म्हणालो.

“काय?”

“माझा ताफा माघार घेतोय. गंगाखेडच्या दिशेनं.” आणि मी माझी पांढरी यानं एक एक करून टेबलाच्या कडेवरून खाली उतरवायला लागलो. “ताफा मैदानातून निसटला तर लढाई संपत नाही, डॉक्टर. त्याचा पाठलाग करावा लागतो. कलम असेल बघा.”

असलं काही कलम नव्हतं. बाड त्यांच्या कोपराशीच होतं. डॉक्टरांनी ते उघडलं नाही. चिमटीतला बोळा त्यांनी खिशात टाकला.

“हाय. हाय तसं कलम.”

“मग झालं तर.”

त्यांनी माझी यानं स्वतः डब्यांत भरली. प्रत्येकाला कापूस गुंडाळला, वर शत्रूचं नाव घातलं, जाधव. भरता भरता, मान वर न करता विचारलं, “गंगाखेडला दातांचे डॉक्टर हायत का?”

“आहेत की. रग्गड आहेत.”

“म्हंजे पेशंट म्हणून तुमी यायचे न्हाईत.” त्यांनी शेवटची डबी मिटली. “मग मलाच यावं लागंल. शत्रू म्हणून.”

असं म्हणून ते पलीकडे तोंड करून आकाश झटकायला लागले. चुन्याचे तारे आधीच झडले होते, तरी झटकत राहिले. मीही डब्या पिशवीत नीट बसतात का, ते उगाच पुन्हा पुन्हा बघत राहिलो.

गंगाखेडला आल्यावर पहिले दोन रविवार सामान लावण्यात गेले. तिसऱ्या शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. बोलले एवढंच, “उद्या सकाळी निघायलोय. परभणीला बस बदलून येतो. तयारीत ऱ्हावा.” आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळपासून मी जेवणाचं टेबल रिकामं करत होतो. मुलांच्या वह्या उचलल्या, लोणच्याच्या बरण्या हलवल्या, सुनीताची जुनी काळी साडी कपाटातून काढून अंथरली. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“कोण येणार आहे एवढं?”

“शत्रू,” मी म्हणालो.

तिनं पुरणाची डाळ शिजायला टाकली. मी टेप शोधून टेबलावर ठेवली आणि बस यायला अजून पुष्कळ वेळ होता तरी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.