हात सोडायचा नाही

प्राणेशच्या लग्नाला सगळं ऑफिस येणार होतं. फक्त प्राणेशचं नक्की नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, यशवंतपूरला हॉल ठरला होता, पण नवऱ्या मुलाची सुट्टी काही मंजूर होत नव्हती. मॅनेजर सुमंत सरांनी पत्रिका कौतुकाने टेबलावर उभी करून ठेवली होती आणि "नक्की येणार रे," असं सांगितलंही होतं. सुट्टीचा विषय काढला की मात्र त्यांना हटकून फोन यायचा. "आज सुट्टी घेऊनच ये," होणाऱ्या बायकोने, भव्याने, सकाळी सुनावलं होतं, "नाहीतर मी तुझ्या लॅपटॉपला हार घालते. सरी? कळलं ना?"

आणि नेमकं त्याच दिवशी इंदिरानगरच्या त्या ऑफिसात टीममधला संवाद सुधारायचं घाटलं. संवाद बिघडला होता हे खरं. कोणामुळे, ते बोलायची मात्र सोय नव्हती.

ट्रेनर सिद्धीने सगळ्यांना गोल उभं केलं. समोरच्या दोघांचा एकेक हात धरायचा आणि झालेला गुंता हात न सोडता सोडवायचा, असा खेळ. काचेपलीकडून कंपनीचे मालक रघुनंदन सर बघत होते, त्यामुळे सुमंत सरांना चेव चढला. "जो हात सोडेल, त्याचं नाव अप्रेझलमध्ये जाईल!" असं जाहीर करून ते स्वतःच मध्ये घुसले.

मग काय, जो तो पुढारी झाला. कुणी म्हणे वाकून आत या, कुणी म्हणे ओलांडून बाहेर जा. अमितने उगाच एक गिरकी घेतली आणि अशी गाठ बसली, की सुमंत सरांची मान थेट प्राणेशच्या काखेत! सर जरा हलले तरी सगळी टीम कळवळायची.

प्राणेश एरवी सरांशी दारात उभा राहून बोलणारा. पण आज सरांना फोन घ्यायला हातच नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला कंठ फुटला.

"सर, ते सुट्टीचं..."

"मेल टाक ना," काखेतून आवाज आला.

"तीनदा टाकला, सर."

"मग नेक्स्ट वीक एक मीटिंग सेट करू."

"नेक्स्ट वीक माझं लग्न आहे. आणि आत्ता भेटलोच आहोत की."

"अरे, माझ्या हातात काही नाही रे!"

"माझा हात आहे, सर," प्राणेश म्हणाला आणि त्याने तो जरा आवळला.

"मंजूर! मंजूर बाबा!"

"मोठ्यानं बोला सर," पलीकडून अकाउंट्सच्या हेमलता अक्का म्हणाल्या. "कम्युनिकेशन सुधारायचंय ना?"

सरांनी ओरडून मंजुरी दिली. प्राणेशला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"प्राणेश, डावा पाय उचलून पलीकडे टाका," सिद्धी म्हणाली. "सुटलंच बघा!"

"पाय उचलशील तर खबरदार!" अक्का कडाडल्या. "स्वल्प थांब रे, माझं राहिलंय." अक्का एसीखाली कानटोपी घालून बसायच्या आणि तो कमी करा म्हणून सांगून थकल्या होत्या.

"बंद करतो एसी!" सर कण्हले.

"सर, शनिवारी आम्हाला बोलवता ते..." अमितने तोंड उघडलं.

"नका येऊ!"

प्राणेश पाय रोवून उभा होता. इतका मोकळा संवाद आपण कुठेच पाहिला नाही, असं सिद्धी भारावून म्हणाली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने पाय उचलला आणि गुंता सुटला.

सुमंत सर बाहेर आले ते केस विस्कटलेले, चष्मा कानाला लोंबतोय अशा अवस्थेत. आता दिलेलं सगळं परत घेणार, हे प्राणेशने धरूनच चाललं. तेवढ्यात रघुनंदन सर टाळ्या वाजवत आत आले. "वा, सुमंत! टीम फारच जवळ आली!"

सुमंत सरांनी चष्मा नीट केला आणि मालकांकडे टक लावून पाहिलं. त्यांचं पुण्याच्या बदलीचं घोंगडं केव्हाचं भिजत पडलं होतं. तो विषय काढला, की रघुनंदन सरांना हटकून फोन यायचा.

"सर," ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "एक राउंड तुम्हीही या ना."

रघुनंदन सरांनी खूश होऊन दोन्ही हात पुढे केले. सुमंत सरांनी त्यातला एक घट्ट पकडला आणि ते प्राणेशच्या कानाशी कुजबुजले, "मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही."