तातू धनेशाचा दहावा

एका जंगलात, मुलांनो, एक बेहड्याचं झाड होतं. त्या झाडात एक ढोली होती आणि ढोलीच्या तोंडाला मातीची भिंत होती.

भिंतीच्या आत आनशी बसली होती. बाहेर तिचा नवरा तातू होता. दोघं धनेश पक्षी. या पक्ष्यांची रीतच तशी. अंडी घालायची वेळ आली की बायको ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. बोटभर फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. मग नवरा दिवसभर उंबरं आणतो आणि फटीतून भरवतो. तो आला नाही, तर आतली सगळी उपाशी मरतात. इतकं साधं आहे.

तातू दिवसाला वीस खेपा घालायचा. पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलं होतं. ते ओरडलं की तातूला दमल्यासारखं वाटायचं नाही.

एका सकाळी तो उंबरावर असताना खाली साळिंदरराव आले. ते जंगलाच्या दुर्मीळ जीव बचाव समितीचे कार्यवाह होते. अंगावर इतक्या लेखण्या दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या, म्हणून ते पद त्यांना मिळालं होतं.

"अभिनंदन, तातू," ते म्हणाले. "तुमची जमात संपत आली आहे."

"कोण म्हणतं?"

"आम्ही ठराव केलाय. या जंगलात धनेशाचं हे शेवटचं घर. तुम्हाला वाचवायचं ठरलंय. उद्या तुमचा सत्कार."

"उद्या नको हो. घरी लहान पिल्लू आहे."

"त्याच्यासाठीच तर."

सत्काराला अध्यक्ष गवा होता. त्याचं भाषण दिवस कासराभर वर आला तेव्हा सुरू झालं आणि सावल्या लांबल्या तेव्हा संपलं. तातूच्या अंगावर शाल होती, पुढ्यात नारळ होता. तो उठायला लागला की साळिंदरराव हळूच म्हणायचे, "बसा. सत्कारमूर्तीनं मधेच जायचं नसतं." ते अगदी खेटून बसले होते, त्यामुळे हलायचीही सोय नव्हती.

संध्याकाळी तातू नारळ घेऊन ढोलीपाशी आला.

"हे काय आणलंत?" आनशीनं आतून विचारलं.

"नारळ."

"फटीतून जातोय का बघा."

तातूनं नारळ खाली ठेवला.

"आज दोनच खेपा झाल्या," ती म्हणाली. "माझं चालेल. याचा आवाज बारीक झालाय."

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. तिसऱ्या दिवशी 'धनेश आणि आपण' असा परिसंवाद झाला. त्यासाठी मोठी कमान उभारली. सत्कारमूर्तीच्या आवडत्या झाडाची हवी म्हणून अर्धा उंबर तोडला. कमानीवर लिहिलं होतं, धनेश वाचवा.

तातू गव्याकडे गेला. "अध्यक्ष, उंबर तोडू नका. आणि मला माझ्या कामाला जाऊ द्या. मला वाचवायचं असेल तर एवढंच करा."

गवा मनानं चांगला होता. त्याचे डोळे भरून आले.

"किती मनापासून बोललात," तो म्हणाला. "हेच परवा व्यासपीठावर बोला. आणि वहिनींनाही आणू या. भिंत आपले कार्यकर्ते फोडतील. जोडीनं सत्कार करू."

तातू घरी आला आणि त्यानं आनशीला सगळं सांगितलं. भिंत फुटली असती तर पिल्लू घोरपडीच्या तोंडी गेलं असतं, आणि पिसांवाचून तीही.

"तुम्ही धनेश राहू नका," आनशी म्हणाली.

"मग काय होऊ?"

"कावळा व्हा. पितृपक्ष सोडला तर कावळ्याला कुणी बोलावत नाही."

वणव्यात जळालेल्या एका ओंडक्यावर तातूनं अंग घासून घेतलं आणि सकाळी तो साळिंदररावांकडे गेला.

"तातू धनेश गेला," तो म्हणाला.

"अरेरे. कशानं?"

"सत्कारानं."

"आपण कोण?"

"कावळा."

साळिंदररावांनी त्याला नीट न्याहाळलं. "चोच जरा मोठी वाटते."

"आजोळकडची आहे."

साळिंदररावांनी लिहून घेतलं. "कावळा दुर्मीळात बसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

तातू गेला तो थेट उंबरावर. त्या दिवशी अठरा खेपा झाल्या. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी नमस्कारही केला नाही.

पण समिती स्वस्थ बसली नव्हती. उरलेला उंबर तोडून त्या जागी तातूचं स्मारक करायचं ठरलं. आणि दहावा झाला की भिंत फोडून वहिनींचं सांत्वन करायचं.

दहाव्या दिवशी नदीकाठी सगळे जमले. पानावर पिंड ठेवला. शेजारी, मयताला आवडायची म्हणून, उंबरांची रास. आता कावळा शिवायला हवा होता. मयताची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खरे कावळे गावात राहायचे. म्हणून निरोप तातूला आला होता.

तातू येऊन फांदीवर बसला. खाली उंबरांची रास होती. घरी पिल्लू वाट बघत होतं. तो हलला नाही.

गवा हात जोडून म्हणाला, "तातू, तुझं स्मारक आणखी उंच करू."

तातू हलला नाही.

"दर वर्षी पुण्यतिथी करू. तीन दिवस."

तातूनं मान फिरवली.

ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवल्याशिवाय जेवणं नव्हती, आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"अध्यक्ष, काहीतरी कबूल करा," साळिंदरराव कुजबुजले. "भात निवतोय."

गवा काकुळतीला आला. "बाबा रे, तुझा जीव उंबरात अडकलाय का? नाही तोडत उंबर."

तातू एक फांदी खाली आला.

"स्मारकही नको?"

तातू आणखी एक फांदी खाली आला.

"वहिनींची भिंत? बरं, तिकडं कुणी फिरकणार नाही. शपथ."

तातू पानावर उतरला. पिंडाला चोच लावली. मग मावतील तेवढी उंबरं तोंडात भरली आणि उडून गेला.

"शिवला," गवा म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. साळिंदररावांनी ठराव लिहून घेतला. मग पंगत बसली.

ढोलीपाशी आनशीनं विचारलं, "आज एकदम एवढी उंबरं कुठली?"

"माझ्या दहाव्याची."

"गोड आहेत," ती म्हणाली. आतून पिल्लू मोठ्यानं ओरडत होतं.

तात्पर्य : मुलांनो, जिवंतपणी आपलं म्हणणं मांडत बसू नये, त्याचं फार तर कौतुक होतं. ते मेल्यावर मांडावं. मात्र तोवर जिवंत राहायची सोय ज्याची त्यानं करावी.